मेहनताना वेळेवर द्या, मुले टिकतील

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयत शिक्षण संस्थेचे वाक्य साताऱ्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली येथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' याच विचारावर. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत रोज काही तास काम करून मुलांनी मेहनताना मिळवायचा, अशी ही योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे. मुलांनी मध्येच काम सोडले की 'हल्ली कष्ट नकोत' असा शेरा मिळतो. आम्हाला तो मान्य नाही. मेसचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि मेहनताना मात्र दोन-तीन महिने रखडायचा, हे गरीब घरच्या मुलाला झेपत नाही.

पैसे रखडतात ते बहुधा हजेरीपत्रकापाशी. महिनाअखेरीस आठवून तास भरले जातात, ग्रंथालयाच्या नोंदीशी ते जुळत नाहीत, विभागप्रमुख रजेवर असतात. लेखा विभाग एका नावातल्या चुकीसाठी सगळे बिल परत पाठवतो आणि उरलेल्या सगळ्यांचेही पैसे अडकतात. येण्याची-जाण्याची वेळ व सही त्याच दिवशी झाली पाहिजे. एक प्रत मुलाच्या वहीतही असावी. 25 तारखेला हजेरी बंद करून 30 पर्यंत बिल लेखा विभागात द्यावे. उरलेले दिवस पुढच्या महिन्यात धरता येतात. ज्याच्या कागदात चूक आहे त्याचे नाव बाजूला काढून बाकीचे बिल पुढे पाठवायला काहीच हरकत नाही.

दुसरी अडचण बँक खात्याची. दहावीत उघडलेले बचत खाते दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसला की निष्क्रिय होते. विलीन झालेल्या बँकेच्या जुन्या पासबुकावर जुनाच आयएफएससी कोड असतो. कुठे महाविद्यालयाच्या नोंदीत आडनाव आधी, तर बँकेत शेवटी. म्हणून अर्जासोबत नुसती पासबुकाची झेरॉक्स घेऊन भागत नाही. त्या आठवड्यात खात्यावर व्यवहार करून नोंद छापलेले पान मागावे, म्हणजे खाते चालू आहे की नाही ते तिथेच कळते.

कामाची वेळ ठरवताना वेळापत्रकाइतकीच एसटी महत्त्वाची आहे. परळी खोऱ्यातून किंवा मेढ्याकडून येणाऱ्या मुलीला प्रात्यक्षिकानंतर पाच ते सातचे काम दिले तर शेवटची गाडी चुकते. दोन तासिकांमधल्या रिकाम्या वेळेत तिला सलग दोन तास द्यावेत. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे मात्र नकोत. त्यात ना काम होते, ना नोंद नीट राहते.

आणि मुलांना काम शिकवा. पहिल्याच दिवशी पुस्तकांचा ढीग पुढ्यात टाकला तर मांडणी चुकणारच. पुस्तके कण्यावरच्या विषय-क्रमांकाने लावतात; 330.954 क्रमांकाचे पुस्तक 330.96 च्या आधी लागते. नवीन मुले 954 हा आकडा मोठा समजून ते नंतर लावतात आणि पुस्तक असूनही वाचकाला सापडत नाही. दशांशचिन्हापुढचे आकडे एकेक करून वाचायचे, हे दहा मिनिटांत सांगून होते. मग शिक्के, दाखल नोंदवहीतला (आलेल्या पुस्तकांच्या नोंदीतला) क्रमांक, कण्यावरची चिठ्ठी, ही कामे क्रमाने द्यावीत.

प्रयोगशाळेत जास्त जपावे लागते. अल्कलीची ब्युरेट (द्रव मोजून सोडायची तोटीची काचनळी) तशीच राहिली तर काचेची तोटी घट्ट बसते, म्हणून ती लगेच धुऊन, तोटी उघडी ठेवून उलटी लावायची. ब्युरेट, पिपेट आणि मापाचे फ्लास्क ओव्हनमध्ये वाळवायचे नाहीत, माप बिघडते. शेवटचे विसळणे डिस्टिल्ड पाण्याने. तीव्र आम्ल ओतण्याचे काम मात्र या मुलांना देऊच नये. ते प्रयोगशाळा सहायकाचे काम आहे.

योजनेचे अर्ज प्रवेशाच्या खिडकीवरच भरून घ्यावेत. अर्ज, मुलाखत, यादी करता करता दिवाळी येते, आणि मुलाला पैशांची गरज असते ती पहिल्या महिन्यात, अनामत आणि पुस्तकांच्या वेळी. सत्र परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे काम बंद ठेवायचे असेल तर ते तास सत्राच्या सुरुवातीला वाढवून द्यावेत, म्हणजे त्या महिन्यात मेसची थकबाकी राहणार नाही.

आपले,
महाविद्यालयीन ग्रंथालय व प्रयोगशाळेतील काही निवृत्त कर्मचारी,
सातारा