आवाजाने लावलेला फोनही फोनच आहे, मंत्रिमहोदय

माननीय दूरसंचारमंत्री,
सादर नमस्कार.

हे पत्र मी बोलून लिहिते आहे. मानेत, चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली तेव्हापासून माझे दोन्ही हात हलत नाहीत. आवाज शाबूत आहे, पण बरगड्यांचे स्नायू साथ देत नसल्यामुळे श्वास तोकडा पडतो आणि मोठ्याने हाक मारता येत नाही. माझी हाक शेजारच्या खोलीत पोहोचत नाही. खाटेजवळच्या स्मार्ट स्पीकरला, म्हणजे तोंडी सांगितलं की इंटरनेटवरून फोन लावून देणाऱ्या यंत्राला, मात्र ती ऐकू जाते.

तो घरात येण्याआधी मला फोन करायचा असला की कुणीतरी नंबर लावून फोन कानाशी धरून उभं राहायचं. म्हणजे माझं प्रत्येक बोलणं तिसऱ्याच्या देखत व्हायचं. डॉक्टरांशी बोलणं तसंच आणि रडणंही तसंच. स्पीकरवरून मी पहिला फोन ताईला लावला, तेव्हा तिने सवयीने विचारलं, "जवळ कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग आम्ही तासभर बोललो. कित्येक वर्षांत तसं बोललो नव्हतो.

आपल्याला लिहायचं कारण मात्र एका रात्रीचं आहे. मदतनीस बाई घरी गेल्या होत्या. माझ्या लघवीच्या नळीला कुठेतरी पीळ पडला असावा. डोकं ठणकू लागलं, कपाळावरून घाम वाहू लागला. माझ्यासारखी वरच्या पातळीची इजा असलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. मूत्राशय तुंबलं की रक्तदाब एकाएकी चढतो, आणि वेळेत नळी मोकळी झाली नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी स्पीकरला आपत्कालीन क्रमांक लावायला सांगितलं. हा क्रमांक लावता येत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग ताईचं नाव घेतलं. तिने फोन उचलला, रुग्णवाहिका बोलावली, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. त्या रात्री तिचा फोन बंद असता तर?

स्पीकर बिघडलेला नव्हता. बऱ्याच स्पीकरच्या माहितीतच लिहिलेलं असतं की आपत्कालीन सेवांना यावरून फोन लागणार नाही. कारणही मला ठाऊक आहे. इंटरनेटवरून निघालेल्या कॉलबरोबर घरचा पत्ता आणि उलट फोन करता येईल असा क्रमांक आपोआप जातोच असं नाही. मदत पाठवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात. अडचण खरी आहे, पण न सुटणारी नाही. अॅमेझॉनने स्पीकरवरून कॉल करण्याची सोय २०१७ मध्ये आणली आणि त्याच वर्षी स्पीकर घरच्या लँडलाइनला जोडणारं एक लहानसं यंत्रही आणलं. अमेरिकेत इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपन्यांना ९११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक जोडून देण्याची सक्ती २००५ मध्येच झाली. त्यासाठी ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर आली. तिथे हे नियामकाने करून घेतलं. इथे ते आपल्या हाती आहे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला. त्याच्या नवव्या कलमात सुगम असायला हव्यात अशा गोष्टींमध्ये संपर्कसेवा आणि आपत्कालीन सेवा या दोन्हींचा उल्लेख आहे. मग जे यंत्र फोन लावून देतं म्हणून विकलं जातं, त्यावरून संकटात फोन लागलाच पाहिजे, असा नियम आपण करा. माझी मुख्य मागणी एवढीच आहे.

नियम करायला बसाल तेव्हा आणखी काही गोष्टी पाहा. 'हात न लावता' चालणारा हा स्पीकर सुरू करायला मोबाइलवरचं अॅप लागतं आणि ते बोटांनीच चालवावं लागतं. वायफायचा पासवर्ड बदलला की पुन्हा कुणाची तरी वाट पाहायची. वीज गेली की सगळंच मुकं होतं. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळायची, म्हणून तो अंधारातही चालायचा. बॅटरीची सोय सक्तीची करता येईल. ज्यांचं बोलणं सेरेब्रल पाल्सीमुळे किंवा पक्षाघातामुळे अडखळतं, त्यांचे शब्द या यंत्रांना अजून नीट समजत नाहीत. माझ्यापेक्षा त्यांची गरज मोठी आहे. यंत्र तपासताना त्यांचे आवाज वापरणं बंधनकारक करा.

एक गोष्ट जरा नाजूक आहे. काही स्पीकरवर समोरच्याला परवानगी दिलेली असेल, तर आपण 'हो' न म्हणताच फोन जोडला जातो. मी बेशुद्ध पडले तर ही सोय मला वाचवील. पण तीच सोय कुणालाही, कधीही माझ्या खोलीत डोकावू देऊ शकते. ती परवानगी कुणाला द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे माझ्याच आवाजाने ठरवता आलं पाहिजे. माझी काळजी घेणाऱ्यांनी ते परस्पर ठरवू नये, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

मसुदा तयार झाला की तो आमच्यासारख्यांच्या घरी तपासून पाहा. मी तयार आहे. उत्तर फोनवर दिलंत तरी चालेल, तो मला एकटीला घेता येतो.

आपली विश्वासू,
एक दूरध्वनी ग्राहक