विषय: रविवारच्या मराठी खेळात कापून दाखवलेलं चित्र आणि त्यावर फोनवर मिळालेलं उत्तर

व्यवस्थापक, प्रक्षेपण आणि ग्राहक सेवा विभाग,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला माझा तिसरा फोन 14 मिनिटांनी तुमच्याच बाजूने बंद झाला. चौथा करणार नाही. जे सांगायचं ते लिहून देते.

रविवारी सकाळी 10 वाजून 10 मिनिटांचा खेळ, तुमचं बडोद्याचं चित्रपटगृह, स्क्रीन 3. मराठी सिनेमा, फ्लॅटमध्ये, म्हणजे कमी रुंद, उंच चौकटीत. त्याच पडद्यावर आदल्या रात्रीपर्यंत जो हिंदी मारधाडपट चालू होता तो स्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद चौकटीत आहे. मला हे माहीत आहे, कारण शुक्रवारी मी तो तिथेच पाहिला. रविवारी लेन्स स्कोपच्याच सेटिंगवर राहिली. प्लेलिस्टमध्ये फ्लॅटचा क्यू, म्हणजे लेन्स बदलण्याची सूचना, टाकायचा राहिला असेल किंवा टाकूनही चालला नसेल, ते तुम्ही तुमच्या लॉगमध्ये बघा. स्कोपच्या झूमवर फ्लॅट चित्र सोडलं की काय होतं हे तुम्हाला मी शिकवायला नको. चित्राच्या 1080 आडव्या ओळींपैकी 858 पडद्यावर राहतात. वरच्या 111 आणि खालच्या 111 बाहेर जातात. म्हणजे चित्राचा पाचवा हिस्सा गेला. जाहिराती स्कोपच्या होत्या, त्या व्यवस्थित दिसल्या. सिनेमा सुरू झाला आणि माणसांची डोकी उडाली.

आम्ही तिघी होतो. मी, माझी आजी आणि हॉस्टेलवरची माझी आणंदची मैत्रीण. मैत्रीण गुजराती, तिचा हा पहिला मराठी सिनेमा. गेले दोन महिने मी तिच्या मागे लागले होते की एक तरी बघ, खालची इंग्रजी वाक्यं वाचत बघ, मग आपण बोलू. ती वाक्यं तर खालच्याच पट्टीत असतात! दोन ओळी आल्या की वरच्या ओळीचे शेंडे दिसायचे, एक ओळ असली की काहीच नाही. पहिली वीस मिनिटं ती मान उंच करून बघत होती, जणू पुढच्या माणसाचं डोकं आड येतंय. पुढे कोणीच नव्हतं. नंतर तिने बघणंच सोडलं आणि मी तिच्या कानात कुजबुजत भाषांतर करत बसले. चांगल्या संवादाचं कुजबुजून मातेरं होतं हे ज्याने केलंय त्याला कळेल.

मी दहाव्या मिनिटाला बाहेर आले. दारावर कोणी नाही. पॉपकॉर्नच्या काउंटरवरच्या मुलाने वॉकीटॉकीवर कोणाला तरी सांगितलं. आणखी वीस मिनिटांनी तुमचे ड्युटी मॅनेजर आले, दार अर्धं उघडून उभ्या उभ्या पाच सेकंद पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेन, प्रिंट ज एवी छे.” मी म्हटलं, प्रिंट अशी नसते, लेन्सचं सेटिंग बदला, एका बटणाचं काम आहे. ते म्हणाले, बाकी कोणी तक्रार केलेली नाही. मध्यंतरात पुन्हा गेले. प्रोजेक्शनचा माणूस एकच आहे आणि तो दुसऱ्या स्क्रीनवर आहे, असं उत्तर मिळालं. मध्यंतरानंतरही तसंच. शेवटपर्यंत तसंच. अडीच तासांत तुमच्या एकाही माणसाने आत येऊन तो पडदा नीट पाहिला नाही.

माझा राग या कापलेल्या पट्टीपुरताच असता तर मी एवढं लिहिलं नसतं. चूक माणसाकडून होते. पहिल्या फोनवर तक्रार क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला, कसलं निवारण ते लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या फोनवर वरिष्ठ 48 तासांत फोन करतील म्हणाले, कोणी केला नाही. आणि मग आजचा फोन.

आज ज्या बाई बोलल्या त्यांनी आधी विचारलं, तुमची सीट कुठली होती, फार पुढे बसला होतात का? मी म्हटलं, ई रांग, मधोमध. त्यांनी विचारलं, चष्मा आहे का? मी म्हटलं आहे, आणि मी तो लावला होता. त्यांनी विचारलं, पूर्ण सिनेमा बघितला का? मी म्हटलं, हो. त्यावर त्या म्हणाल्या, “फिर तो मॅम, सर्व्हिस आपने ले ली ना.” मी शांत राहिले. फ्लॅट आणि स्कोप काय ते सांगितलं, वरून किती गेलं, खालून किती गेलं, मैत्रिणीला एक वाक्य वाचता आलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी होल्डवर टाकलं. तुमच्याच नव्या सिनेमाची जाहिरात सहा मिनिटं ऐकली. परत आल्या आणि म्हणाल्या, “मॅम, हमने चेक किया है, रीजनल फिल्म में ऐसा होता है. बजट कम होता है तो फ्रेमिंग वगैरा थोड़ा ऊपर-नीचे रहता है.”

मी दोनदा विचारलं की हे कोणी चेक केलं. त्या म्हणाल्या, टेक्निकल टीमने. मी म्हटलं, त्या टीमशी बोलायचं आहे. ते शक्य नाही. मग त्यांनी 100 रुपयांचं खाण्याचं कूपन देऊ केलं. मी म्हटलं, मला कूपन नको, चूक लेन्सच्या सेटिंगची होती एवढं लेखी द्या. त्या म्हणाल्या, “मॅम, आप एक मराठी मूव्ही के लिए इतना क्यों कर रही हैं?” आणि मी उत्तर देत असताना फोन बंद झाला.

जे उत्तर अर्धं राहिलं ते इथे पूर्ण करते.

मी कलाभवनात, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 1890मध्ये सयाजीराव महाराजांनी हे कलाभवन काढलं, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर इथे शिकायला आलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, फोटोग्राफी त्यांनी याच कलाभवनात शिकून घेतली. पुढे 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मी रोज ज्या संस्थेत प्रॅक्टिकलला जाते तिथे तो माणूस शिकला, त्याच गावात तुमच्या कंपनीचा माणूस मला सांगतो की मराठी सिनेमात डोकी कापलेलीच असतात.

बजेट कमी असतं हे खरं आहे. म्हणूनच या सिनेमांत माणूस कुठे उभा करायचा, त्याच्या डोक्यावर किती आभाळ ठेवायचं याचा जिवापाड विचार केलेला असतो. महागडा सेट नसतो, पाठलाग नसतो, चौकट हीच त्यांची पुंजी. मला मारधाडपटही आवडतात, शुक्रवारचा तर फारच आवडला. पण त्यातून पाचवा हिस्सा कापलात तरी स्फोट हा स्फोटच दिसेल. रविवारच्या सिनेमात एक बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी नुसती उभी आहे आणि वरच्या फळीवर नवऱ्याचा डबा आहे. तो डबा तिथे होता हे मला नंतर ट्रेलर पाहून कळलं. आम्हाला फळीच दिसली नाही.

आणि शेवटच्या भागात ती आरशासमोर येते, करंड्यात बोट बुडवते, हात वर नेते. हात पडद्याबाहेर गेला. कपाळ पडद्यावर नव्हतंच. आजी दांडिया बाजारातून रिक्षाने, गुडघे दुखत असताना आली होती, तीन वर्षांनी चित्रपटगृहात. ती मला विचारते, “अगं, कुंकू लावलं की पुसलं?” मला सांगता आलं नाही. पूर्ण सिनेमा ज्या एका प्रश्नावर उभा आहे त्याचं उत्तर तुमच्या भिंतीवर पडलं.

पुन्हा जाऊन बघावं तर तो आता उतरला. बडोद्यात मराठी सिनेमाला तुम्ही दिवसाला एक खेळ देता, तोही सकाळचा, आणि आठवडा संपला की गर्दी नव्हती म्हणून काढता. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागातली किती घरं मराठी आहेत हे इथल्या कुठल्याही वाण्याला माहीत आहे. या घरांतली माणसं सकाळी दहाला आजीला घेऊन येतात आणि त्यांना असं चित्र दाखवलं जातं. पुन्हा कशाला येतील? शिकवण्या घेऊन मी जे कमावते त्यातून महिन्याला तीन-चार सिनेमे बघते, त्यातले जवळजवळ सगळे तुमच्याकडे. घरी मोबाइलवर बघा म्हणणाऱ्या मित्रांशी मी तुमच्या बाजूने भांडले आहे. ते आठवलं की आता वाईट वाटतं.

तीन तिकिटांचे सुविधा शुल्कासह 558 रुपये परत करा. पण ते नंतर. आधी चूक लेन्सच्या सेटिंगची होती, सिनेमाची नव्हती, हे कंपनीच्या कागदावर लिहून द्या, आणि ‘रीजनल फिल्म में ऐसा होता है’ हे वाक्य मागे घ्या. दर खेळाची पहिली दोन मिनिटं कोणीतरी आत उभं राहून पडदा बघेल अशी व्यवस्था करा. रविवारी तेवढंच झालं असतं तर हे पत्र नसतं. अडीच तासांत कोणीही आत आलं नाही, हे मी पुन्हा लिहिते आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि मग बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019च्या कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिकिटं, तिन्ही फोनच्या वेळा आणि ‘निवारण झाले’ हा संदेश मी जपून ठेवला आहे. मैत्रीण साक्षीला येईल. आजीसुद्धा येते म्हणाली आहे.

आणि तो सिनेमा स्क्रीन 3वर एकदा, एकच खेळ, फ्लॅटच्या सेटिंगवर लावा. आम्ही तिघी पुन्हा तिकीट काढून येऊ. काल रात्री जेवताना आजीने परत विचारलं, लावलं की पुसलं.

आपली ग्राहक,
तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल, कलाभवन
बडोदा