चोकच्या दुरुस्तीबद्दल इलेक्ट्रिशियन काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या जुन्या इंजिनाचा, म्हणजे आउटबोर्ड मोटरचा, इलेक्ट्रिक चोक आपण दुरुस्त करून दिलात, याबद्दल आम्हा दोघा भावांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण दाखवलेली तपासणीची रीत वेसावे कोळीवाड्यातील आणि अन्य बंदरांवरील जुन्या मोटर वापरणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडेल.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी शाकारून ठेवली होती आणि पावसाळ्याच्या दमट, खारट हवेत मोटरही तशीच उभी होती. हंगाम सुरू झाल्यावर चावी आत दाबूनही चोक ओढला जाईना. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोकची पाती मिटून हवा कमी करावी लागते. ते न झाल्याने स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी उतरत असे. हाताने चोक लावण्याची सोय होती, परंतु त्यासाठी एकाने मागे जाऊन झाकण उघडायचे आणि दुसऱ्याने चावी फिरवायची, हे खाडीच्या मुखाशी लाटांत होडी हेलकावत असताना धोक्याचे होते. एका वर्कशॉपमध्ये चोक ओढणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉईल, जळाल्याचे सांगून ती बदलण्याचा सल्ला मिळाला. इतक्या जुन्या मोटरची कॉईल सहजी मिळत नाही, त्यामुळे आम्ही चिंतेत होतो.

आपण आलात तेव्हा प्रथम सुरक्षा-दोरीची क्लिप काढून इंजिन सुरू होणार नाही याची खात्री केलीत, झाकण उघडून पेट्रोलचा वास जाऊ दिलात आणि मगच काम हाती घेतलेत. कॉईलच्या वायरी सोडवून मीटर लावल्यावर सुमारे ४ ओहम दिसले, म्हणजे १२ व्होल्टवर ती साधारण ३ अँपिअर ओढणार. कॉईल शाबूत आहे, हे तेथेच स्पष्ट झाले. त्यानंतर वायरी पुन्हा जोडून, भावाला चावी दाबून धरायला सांगून आपण जे मोजलेत, ते माझ्या दृष्टीने या सर्व कामाचे मर्म होते. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब कॉईलला येणाऱ्या वायरीवर ठेवल्यावर १२ व्होल्टच्या वर आकडा आला, आणि वीज पोहोचूनही चोक ओढला जात नाही म्हणून याच आकड्यावरून वर्कशॉपमध्ये कॉईलला दोषी ठरवले गेले असावे. परंतु काळा प्रोब तेथून उचलून आपण कॉईलच्याच अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या, टोकावर ठेवलात, तेव्हा जेमतेम साडेसात व्होल्ट दिसले. उरलेले सुमारे ५ व्होल्ट कॉईलच्या अर्थचे टोक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये सापडले, जेथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. कॉईलची अर्थची वायर इंजिनच्या ब्लॉकवर ज्या बोल्टखाली बसवली होती तेथे क्षार आणि गंज साचून वीज अडत होती. स्टार्टरची जाड अर्थ वेगळ्या ठिकाणी असल्याने तो मात्र जोमाने फिरत होता, त्यामुळे अर्थवर कोणाचाच संशय गेला नव्हता.

चावी दाबलेली असतानाच मोजायचे, हे आपण पुन्हा पुन्हा बजावलेत. प्रवाह वाहत नसेल तर गंजलेला जोडही मीटरवर निर्दोष दिसतो, हे कारण आपण ज्या सोप्या शब्दांत सांगितलेत, तसे आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते. कॉईल तापते म्हणून चावी दीर्घकाळ दाबून ठेवू नये, हेही आपण त्याच वेळी सांगितलेत.

पुढचे काम थोडक्यात झाले. बोल्ट काढून पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, वायरीला नवे थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबून बसवले आणि बोल्ट घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावले. कॉईलमधला लोखंडी दांडा खारट चिकट्यामुळे जड सरकत होता; तो आपण स्वच्छ करून कोरडाच बसवलात, कारण तेलावर धूळ आणि मीठ पुन्हा बसते. चावी सोडल्यावर स्प्रिंग पाती पूर्ण उघडते की नाही, हेही पाहिलेत. पाती अर्धवट मिटलेली राहिली तर प्लग ओले आणि काळे होतात, हे आम्ही शेजारच्या होडीवर पाहिले आहे.

आता थंड मोटर पहिल्या प्रयत्नांतच सुरू होते. आपण मजुरी घेतली नाहीत, केवळ थिंबलची किंमत घेतलीत. त्याहून मोठे म्हणजे भावाच्या हातात मीटर देऊन प्रत्येक मोजणी त्याच्याकडून पुन्हा करून घेतलीत. त्याने परवा त्याच रीतीने शेजाऱ्यांच्या मोटरची अर्थ तपासली. ती निर्दोष निघाली, दोष चावीच्या स्विचमध्ये असावा असे त्याचे मत आहे. सवड मिळाल्यास आपण एकदा ते पाहून द्यावे आणि त्या दिवशी आमच्या घरीच जेवायला थांबावे, ही आईची आग्रहाची विनंती आहे.

आपले ऋणी,
वेसावे कोळीवाड्यातील दोघे भाऊ