आबा, त्या रात्री मी पहिलं नाव तुमचंच घेतलं होतं

आबा, नमस्कार. समोर येऊन बोलायला तोंड होत नाही म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहितेय, कारण त्या रात्री मी जे बोलले तेही सगळ्यांदेखतच बोलले होते.

जानेवारीतली रात्र, दीड-दोनचा सुमार. तडतड आवाजानं जाग आली. पेटलेल्या उसाचा आवाज एकदा ऐकला की परत विसरत नाही. आमचे हे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तिकडं कोईमतूरला, घरात मी, सासूबाई आणि दोन पोरं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हापासून आमच्याकडं ऊस दिसायला लागला, नाहीतर विट्याकडच्या या माळावर कोण ऊस लावत होतं, आणि आमचा दोन एकराचा फड चार दिवसांत तोडायला येणार होता. मी अनवाणी बांधावर पळाले आणि जमलेल्या लोकांत ओरडले की हे आबांचंच काम आहे. तुमच्याशी बांधाची केस चालू, चार वर्षं बोलणं बंद, दुसरं कुणाचं नाव डोक्यात आलंच नाही. तेवढ्यात तुमच्या ट्रॅक्टरची लाईट दिसली, मागं द्राक्षबागेवर औषध फवारायचा ब्लोअर, सहाशे लिटरची टाकी गच्च भरलेली. मी बोललेलं तुमच्या कानावर गेलं होतं, मला माहितीय, कारण तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता पाईप ओढायला लागला.

वारा तुमच्या बागेकडं नव्हता आबा. तुम्ही घरात झोपून राहिला असता तरी तुमचं एक पानसुद्धा करपलं नसतं. पोरं ब्लोअरचा फॅन चालू करायला निघाली तेव्हा तुम्ही ओरडला, "फॅन बंद ठेवा, वारं लागलं तर अजून भडकंल, नुसता पंप चालवा आणि फवारणीच्या गननं पाणी मारा." मग ट्रॅक्टर आमच्याच उभ्या उसातून आडवा घालून पट्टा पाडला, आणि आग त्या पट्ट्याशी येऊन बसली. सव्वा एकर गेला, पण पलीकडचा ऊस, गोठा आणि कडब्याची गंज वाचली. अग्निशमनची गाडी पोचेपर्यंत तुमची टाकी तीनदा भरून झाली होती.

पण मला आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीचे. आग तीन ठिकाणी लागली होती, तिन्ही रस्त्याच्या कडेला, आणि विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) पार दुसऱ्या टोकाला. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती, म्हणजे रात्री तारेत करंटच नव्हता. शॉर्टसर्किट म्हणून सोडून द्यायला निघालेल्या लोकांना हे तुम्ही शांतपणे समजावून सांगितलं. डिझेलचा वास येणारी प्लास्टिकची बाटली सापडली तर तिला कुणाला हात लावू दिला नाही, वर घमेलं पालथं घातलं आणि पोलिस येईपर्यंत तिथंच राखण बसला. आणि पहाटे आमच्या भावकीतली पोरं काठ्या घेऊन एका घरावर निघाली तेव्हा तुम्ही रस्त्यात आडवे झाला. म्हणाला, "मगाशी माझं नाव घेतलं, आता त्याचं घेताय, उद्या तिसऱ्याचं घ्याल, आधी पंचनामा होऊ द्या." मी तिथंच उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

पंच म्हणून सहीसुद्धा तुम्हीच केली, आमच्याशी केस चालू असताना. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४३५ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३२६ लागतं, शेतमाल जाळला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे मला त्या दिवशी कळलं, तोवर ऊस पेटवला तर नुसती नुकसानभरपाईची भांडणं होतात असंच वाटायचं. तपास चालू आहे, मी आता कुणाचंच नाव घेणार नाही. ज्यानं त्या रात्री रस्त्यावर काही बघितलं असेल त्यानं पोलिसांना सांगा, एवढंच हात जोडून म्हणते.

जळीत ऊस दिवसागणिक वजनाला उतरतो, साखरही उतरते, वर कारखान्याची कपात वेगळी. वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, जळाल्यामुळं जनावरांचं वैरणीचं गेलं ते निराळंच. तुम्ही चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या ऊसतोडीचं बघणाऱ्या माणसाच्या घरी सकाळी सातला जाऊन बसला म्हणून दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी आली, आणि दुपारी तुमच्या मळ्यातला मका कापून आमच्या गोठ्यासमोर टाकून गेला, सासूबाईंना हाकसुद्धा न मारता.

तोडलेल्या उसाच्या खोडव्याला फुटवे चांगले आलेत आबा. आमचे हे परवा आलेत, केसचं वकिलाशी बोलून घेतो म्हणालेत, बांध जिथं तुम्ही म्हणाल तिथं. तुमची गनची पाईप त्या रात्री निखाऱ्यानं दोन ठिकाणी वितळली होती, ती तुम्ही चिंधी गुंडाळून वापरताय हे मी बघितलंय. विट्यातनं नवीन शंभर मीटर आणलीय. संध्याकाळी आम्ही दोघं घेऊन येतोय, काकूंना चहा ठेवायला सांगा.