नाना, टोपल्या लगडल्यात

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

रावेरकडच्या केळीवाल्याला भुसावळच्या गॅलरीतली फुलं काय कळणार, असं आमच्या बिल्डिंगमध्ये बोललं गेलं होतं. म्हणून हे पत्र चारचौघांत.

तुम्ही आलात तेव्हा टोपल्यांतून लटकणाऱ्या पेटुनिया या फुलझाडाचे शेंडे पिवळे पडत चालले होते. कुणी युरिया सांगत होतं, कुणी बुरशीनाशक. तुम्ही एक पान खुडून उन्हात धरलंत, चिकट झालेली बोटं रुमालाला पुसलीत. "शिरा हिरव्या, मधलं पिवळं, अन् तेही कोवळ्या पानावर. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. हे लोह आहे, ताई." मग विचारलंत, पाणी कुठलं? बोअरचं म्हटल्यावर नळाच्या तोटीवरचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवलात. अशा पाण्यानं मातीचा सामू (पीएच) चढतो, लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि पेटुनिया त्या बाबतीत फार नाजूक. एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

बागेसाठी आणलेलं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, पुडीत बांधून दिलंत: लिटरला अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. नवी फूट हिरवीगार आली.

बाकीचंही तुमच्याच सांगण्यावरून. टोपलीत आपली काळी माती नाही, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. काळी माती पाणी धरून बसते आणि वजनानं हूकही वाकवते. दर आठवड्याला पाण्यातून थोडं १९:१९:१९ खत, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात. सुकलेलं फूल नुसतं ओढायचं नाही, मागच्या बोंडासकट खुडायचं. लांबलेल्या वेली निम्म्यावर छाटताना मात्र जिवावर आलं होतं. आता टोपलीचा काठ दिसत नाही, जांभळी फुलं खालच्या मजल्याच्या ग्रीलपर्यंत उतरलीत. खालच्या काकू फुकटात खूश.

पेटुनिया वांग्याच्या कुळातला, हेही तुमच्याकडूनच कळलं. तरीच मावा कीड दोघांवर सारखीच!

मार्च सरला की आपल्या उन्हात ही झाडं टिकायची नाहीत, हे ठाऊक आहे. हायब्रीड असल्यानं बी धरलं तरी त्यातून अशीच फुलं येतीलच असं नाही. त्याआधी वहिनींना घेऊन या. भरीत आणि कळण्याची भाकरी करते. वांगी मात्र तुमच्याकडचीच आणा, इथल्या बाजारातली बियाळ निघतात.

तुमची,
भुसावळची ताई