जैंतिया टेकड्यांत आधी प्लॅन, मग लीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेघालयातल्या ५७ कोटी टन कोळशाविषयीचा आपल्या अंकातला लेख वाचला. मी चंद्रपूरचा. वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत खाणींत २९ वर्षं सर्व्हेअर होतो. २०१२च्या हिवाळ्यात जैंतिया टेकड्यांतल्या लाडरिम्बाईला आठ दिवस राहून तिथल्या खाणी पाहिल्या, म्हणून राहवत नाही.

आमचा कोळसा गोंडवना काळातल्या खडकांतला, २५ कोटी वर्षांहून जुना. मुख्य थराची जाडी १५ मीटरच्या आसपास. जैंतिया टेकड्यांतला जेमतेम ५-६ कोटी वर्षांचा, चुनखडीच्या थरांमधल्या लाकाडोंग वालुकाश्मातला. (हळदीसाठी नाव झालेलं तेच हे लाकाडोंग.) थर कुठे फूटभर, कुठे मीटर-दीड मीटर. ६० सेंटिमीटरचा थर एका हेक्टराखालून सगळा काढला तरी ८ हजार टन भरत नाहीत. आमच्याकडे तेवढ्याच जमिनीखाली दोन लाखांच्या जवळ जातात. राख कमी, म्हणून तिथल्या कोळशाला गिऱ्हाईक आहे हे खरं. पण गंधक बरंच जास्त.

ते गंधक काय करतं ते माझ्या घरात दिसलं. तिथला मूठभर तुकडा शोकेसमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या कोळशाशेजारी ठेवला होता. दोन पावसाळ्यांत त्यावर पिवळसर भुकटी धरली, पापुद्रे सुटले आणि खालची कागदी चिठ्ठी तपकिरी होऊन विरली. घुग्घुसचा तुकडा आजही जसाच्या तसा आहे. कोळशातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. तिथे असे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत होते. खालच्या ओढ्यात गोटे नारिंगी झालेले, मासा एकही नाही. लुखा नदी तर हिवाळ्यात निळी पडते.

पण माझं खरं म्हणणं प्लॅनबद्दल, म्हणजे खाणीच्या नकाशाबद्दल आहे. तिथली रीत अशी: चौकोनी खड्डा खोल उतरवायचा आणि तळाशी थर लागला की चारी बाजूंनी बिळं पाडत जायचं. माणूस उकिडवा बसून टिकाव मारतो आणि हातगाडी ढकलत बाहेर आणतो. एका मजुराला विचारलं, बीळ कुठवर गेलंय? त्याने अंधारात हात लांब केला. म्हणाला, "जहाँ तक कोयला, वहाँ तक." कागदावर एक रेघ नव्हती.

आमच्याकडे जुन्या, बंद आणि बहुधा पाण्याने भरलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवं काम नेता येत नाही. का, ते १३ डिसेंबर २०१८ला जैंतिया टेकड्यांतल्याच क्सान इथल्या खाणीत दिसलं. पाणी आत घुसलं आणि १५ मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, तरी त्यातलं कुणी जिवंत परतलं नाही. तोवर राष्ट्रीय हरित लवादाने अशा बिळांच्या खाणकामावर घातलेल्या बंदीला साडेचार वर्षं उलटली होती.

आता लीज देऊन शास्त्रीय खाणकामाची भाषा सुरू आहे. जमीन तिथल्या लोकांच्या मालकीची आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा मी सरसकट विरोध करत नाही. पण जुनी बिळं नकाशावर आल्याशिवाय शेजारी नवी गॅलरी (खाणीतला बोगदा) काढणं म्हणजे डोळे बांधून पाण्याकडे चालणं. २०१९मध्ये लवादाने राज्याला १०० कोटींचा दंड केला. तो पैसा पर्यावरण सावरण्यासाठीच आहे. त्यातला पहिला खर्च या मोजणीवर व्हावा: प्रत्येक खड्ड्याची जागा, खोली, पाण्याची पातळी. डोंगरात चालायची सवय असलेली तरुण सर्व्हेअर पोरं मिळाली तर मी स्वतः येऊन शिकवायला तयार आहे. कोन मोजायचा माझा थिओडोलाइट अजून घरी आहे.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर, चंद्रपूर