जर्मनीला माल पाठवण्याआधी

सोन्या,

काल फोनवर तू चार कंटेनर द्राक्षं पाठवतो म्हणालास तेव्हा मी गप्प बसले कारण बाबा शेजारीच होते आणि 2010 चा विषय निघाला की ते अजून रात्रभर जागे असतात. तू लहान होतास तेव्हा. एप्रिल छाटणीनंतर सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, मारायची अख्ख्या निफाडची पद्धत होती, कुणी चूक म्हणत नव्हतं, पण युरोपने नेमका त्याचाच अंश तपासला आणि आपला माल रॉटरडॅमला अडकला, शेवटी व्यापाऱ्याच्या हिशोबाची पट्टी आली तर भाडं, कोल्ड स्टोरेज वजा जाऊन आपणच देणं लागत होतो! तू म्हणशील आता ग्रेपनेट आहे, निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी नोंदणी-तपासणी. अरे ते तेव्हाही होतं, लॅबचा रिपोर्टही होता, तपासायच्या यादीतच ते औषध नव्हतं.

आणि सरकारी मर्यादेत बसलं म्हणजे झालं असं नाही, जर्मनीतली काही सुपरमार्केटं कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात, वर किती औषधांचे अंश सापडले तेही मोजतात. म्हणजे फवारणीचं शेड्यूल गिऱ्हाईक बघून आधीच ठरवायला लागतं, माल तयार झाल्यावर गिऱ्हाईक शोधून उपयोग नाही. रंगाचं पण तसंच. आपल्याला पिवळसर मणी गोड वाटतो, त्यांना हिरवा आणि कुरकुरीत पाहिजे, पिवळा दिसला की जुना माल समजतात (बाबांना हे आजही पटत नाही, म्हणतात त्यांना द्राक्ष कळतच नाही). त्यात 2023 च्या शेवटापासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले नि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेवढे दिवस माल कंटेनरमध्ये जास्त.

म्हणून म्हणते, यंदा माल पाठवू नकोस, स्वतः जा. मार्चमध्ये पंधरा दिवस तिथे राहा, रोज दुकानात जाऊन नुसता उभा राहा, अर्धा किलोचा डबा कितीला, त्यावर देश कुठला लिहिलाय, दक्षिण आफ्रिकेचा माल शेजारी असेल तर बाई आधी कुठला उचलते, ते बघ. व्यापारी ‘कन्साइनमेंटवर पाठवा, विकल्यावर बघू’ म्हणाला तर सही करू नको, मिनिमम भाव लिहून माग. तिकिटाचे पैसे मी देते, बाबांना आत्ता सांगू नकोस.

रोज एका डब्याचा फोटो टाक मला, किंमत दिसेल असा.

आई